माझा कांदा चुकला का?

पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "ते पेशीचं मॉडेल यंदापासून बंद करा. रात्री साडेनऊला लोकलमधून उतरायचं आणि जेवण उरकून थर्माकोल कापत बसायचं. पोरगं तोवर झोपलेलं असतं. त्याला त्यातलं काही कळत नाही. यूट्यूबवर तीन मिनिटांत आख्खी पेशी फिरवून दाखवतात, ते दाखवा आणि मोकळे व्हा." सभागृहात टाळ्या पडल्या. नातीची पालक म्हणून मी मागच्या बाकावर बसले होते. मी टाळी वाजवली नाही. इथेच मालाडमध्ये मराठी माध्यमाच्या मुलांना मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. त्या टाळ्यांत एक चांगली गोष्ट वाहून चाललेली मला दिसत होती. तेव्हा बोलायचं राहून गेलं, म्हणून आता लिहिते आहे.

त्या गृहस्थांचा राग खरा आहे, हे आधी मान्य करते. शाळा सुरू झाल्या की स्टेशनरीच्या दुकानांत तयार पेशी टांगलेली दिसते. थर्माकोलचा चौकोन असेल तर वनस्पतीची, गोल असेल तर प्राण्याची. वर पोस्टर कलरचा हिरवा हात, मध्ये अर्धा कापलेला प्लास्टिकचा चेंडू, आणि टाचणीला लावलेल्या छापील चिठ्ठ्या: केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका, गॉल्गी पिंड. वर्गात पन्नास मुलं असतील तर पन्नास सारख्या पेशी. दोन दिवस टेबलावर, एक फोटो, महिनाभर कपाटावर, मग कचऱ्यात. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीच्या सामानावर बंदी आणली. गणपतीची मखरं पुठ्ठ्याची आणि कापडाची झाली, पण शाळेतली पेशी अजून थर्माकोलचीच आहे. मार्वे रोडने मालवणीकडे जाताना खाडीच्या कडेला तिवरांच्या मुळांत पांढरे तुकडे अडकलेले दिसतात. सजीवाचा धडा शिकवण्यासाठी आपण असं सामान वापरतो जे खाडीत जाऊन सजीवांच्याच मुळाशी बसतं.

हे सगळं आजच्या आज थांबवा, मी स्वतः सही करते. पण याला प्रकल्प म्हणू नका. ही सजावट आहे, आणि सजावटीवरच्या रागात आपण प्रकल्पच मोडीत काढायला निघालो आहोत.

प्रकल्प हा शब्द शाळेत आला कशासाठी, ते आठवून पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कृतीतून आणि शोधातून शिकण्याचा आग्रह धरला. पाठोपाठ २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाचं एक साधन म्हणजे प्रकल्प. आकारिक हा शब्द मला फार आवडतो. मुलाच्या डोक्यात समज आकार घेत असतानाच शिक्षकाने डोकावून पाहायचं, कुठे वाकडं चाललंय ते हेरायचं आणि तिथल्या तिथे हात द्यायचा. म्हणजे प्रकल्प चुकण्यासाठीच दिलेला असतो. आईबापांनी केलेल्या किंवा दुकानातून आणलेल्या मॉडेलात चूक नसते, आणि म्हणून शिक्षकाला त्यात वाचण्यासारखं काही उरत नाही.

एकदा मी सातवीला आधी कांद्याची साल दाखवायची आणि मगच मॉडेल करायला सांगायचं, असं ठरवलं. कांद्याच्या जाड पापुद्र्याच्या आतल्या अंगाला एक पातळ, ओली, जवळजवळ न दिसणारी साल असते. ती नखाने किंवा चिमट्याने सोडवायची, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायची, आयोडीनचा एक थेंब टाकायचा आणि वरची नाजूक काच तिरकी टेकवून हळूच सोडायची. घाई केली की हवा अडकते. जवळजवळ प्रत्येक मूल आधी हवेचा बुडबुडाच पाहतं आणि "दिसली, दिसली" म्हणून ओरडतं. मग भिंग सरकतं, आणि बांधकामावरच्या विटांसारख्या एकाला एक लागून लांबट खोल्या दिसतात, प्रत्येकीत एक पिवळट तपकिरी ठिपका. तिथे वर्ग गप्प होतो. हे गप्प होणं मी पुढे अनेकदा अनुभवलं आहे.

त्या दिवशी एक मुलगी भिंगापासून हलेना. तिच्या वहीत वनस्पतीपेशीची आकृती आधीच काढलेली होती, पुस्तकात पाहून, हिरव्या स्केचपेनने हरितलवकं रंगवून. पुन्हा पुन्हा भिंगात पाहून तिने शेवटी मला विचारलं, "बाई, यात हिरवं काहीच नाही. माझा कांदा चुकला का?"

तिचा कांदा चुकलेला नव्हता. कांदा मातीखाली वाढतो, तिथे ऊन नाही, तिथल्या पेशींत हरितलवकं नाहीत. पुस्तकातली वनस्पतीपेशी ही अनेक पेशी पाहून काढलेलं एकत्रित चित्र असतं, पोलिसांकडच्या रेखाचित्रासारखं. तशी हुबेहूब पेशी कुठेच नसते. हे मी तिला सांगितलं नाही. तिने शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळची शेवाळाची एक दोरी आणून भिंगाखाली ठेवली आणि तिथे हिरवं सापडल्यावर स्वतःच म्हणाली, "मग कांद्याचं मॉडेल पांढरं करू?" तिने पुठ्ठ्याचं पांढरं मॉडेल केलं. ते वर्गात सगळ्यांत फिकं होतं. तीन मिनिटांच्या चित्रफितीने हा प्रश्न तिच्या तोंडून निघाला नसता, कारण चित्रफितीतल्या पेशीत सगळं जागच्या जागी आणि रंगवलेलं असतं.

रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये 'मायक्रोग्राफिया' छापलं तेव्हा त्याने आधी बुचाचा काप पाहिला, मग चित्र काढलं. त्याला दिसल्या त्या मेलेल्या, रिकाम्या खोल्या, नुसत्या भिंती. केंद्रकाला नाव मिळालं रॉबर्ट ब्राउनकडून, १८३१ मध्ये. मधली १६६ वर्षं कांद्याची एक साल आणि आयोडीनचा एक थेंब पस्तीस मिनिटांच्या एका तासात पार करून देतात. आपण मात्र मुलाला आधी मॉडेल करायला लावतो आणि पाहायचं तसंच राहून जातं.

दुसरी आठवण माझ्या चुकीची आहे आणि ती मला अजून टोचते. मालवणीतला एक मुलगा होता, त्याची आई स्टेशनबाहेर पालेभाजी विकायची. त्याने मिठाईचा रिकामा खोका आणला. आत प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात एक भरलेला फुगा आणि एक सुपारी. ना रंग, ना चिठ्ठ्या. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "खोका म्हणजे पेशीभित्तिका. पिशवी म्हणजे पातळ पटल. सुपारी केंद्रक. फुगा रिक्तिका." मग त्याने फुग्याचं तोंड सोडलं. पाणी खोक्याबाहेर वाहिलं, पिशवी आतल्या आत लोळली, खोका तसाच उभा राहिला पण दाबला तर लगेच दबू लागला. "आई दुपारी मेथीवर पाणी मारते," तो म्हणाला. "जुडी मान टाकते ना, ती परत उभी राहते. तसं."

त्या मुलाने रिक्तिका कशासाठी असते हे वर्गातल्या कुणाहीपेक्षा नेमकं सांगितलं होतं. रिक्तिकेत पाणी भरलं की पटल भित्तिकेवर रेटतं, त्या रेट्यावर पान ताठ राहतं. पाणी गेलं की पान मान टाकतं. काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ लावलं तर पाणी सुटून ती लिबलिबीत होते, तेही याच कारणाने. हे ज्ञान त्याच्या घरात रोज वापरलं जात होतं आणि त्याने ते पुस्तकाला जोडून दाखवलं. मी त्याला दहापैकी पाच दिले. चिठ्ठ्या नाहीत, तंतुकणिका नाहीत, नीटनेटकेपणा नाही, म्हणून. त्याच दिवशी दुकानातून आलेल्या एका मॉडेलला मी नऊ दिले. मुलांनी तो निकाल पाहिला आणि त्यातून काय शिकायचं ते शिकली. पुढच्या वर्षी दुकानाचं गिऱ्हाईक वाढलं असेल तर त्यात माझाही हात होता. म्हणून पालकांना सांगते: राग धरायचा तर गुण कशाला मिळतात त्यावर धरा.

व्हिडिओ दाखवायला माझी ना नाही. पण व्हिडिओ मुलाला दाखवतो, मुलाचं काही दाखवत नाही. एका मुलीने कणकेची पेशी केली होती, पोळीसारखी लाटून. मी म्हटलं, हिची जाडी किती? ती गोंधळली. "बाई, पेशी चपटीच असते ना? फळ्यावर चपटीच असते." इतकी वर्षं मी फळ्यावर गोल काढत होते आणि त्या गोलाला पोट असतं, हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. त्या पोळीने ते उघडं पाडलं. दुसऱ्या दिवसापासून मी शेजारी मोसंबं ठेवून शिकवू लागले.

आता मापाचं बोलते, कारण इथे सगळ्यांत मोठी संधी वाया जाते. आठवीच्या मुलाला गुणोत्तर येतं. प्राण्याची एक मध्यम पेशी २० मायक्रोमीटर धरा आणि मॉडेल ४० सेंटिमीटरचं करा. म्हणजे सगळं २०,००० पट मोठं. ६ मायक्रोमीटरचं केंद्रक १२ सेंटिमीटरचं होईल, चांगल्या पपनसाएवढं. तंतुकणिका एखाद्या शेंगदाण्याएवढी. रायबोसोम अर्धा मिलिमीटर, रव्याच्या कणासारखा. आणि पेशीचं पटल, ज्याच्यासाठी आपण इंचभर जाड थर्माकोल लावतो, ते वहीच्या दोन पानांएवढं पातळ. मग मोहरी चिकटवून रायबोसोम करणाऱ्या मुलाला कळतं की आपली मोहरी फार मोठी झाली. वर्गाला मी शेवटचं गणित घालायचे: याच पटीत तुम्ही स्वतः वाढलात तर? १४० सेंटिमीटरचं मूल २८ किलोमीटर होतं. पाय मालाडला आणि डोकं मरीन लाइन्सच्या आसपास. हे ऐकून मुलं स्वतःच्या हाताकडे बघायची, आणि त्या बघण्यासाठी मी तो तास घ्यायचे. हुकनेही हेच केलं होतं. एका इंचाच्या अठराव्या भागात त्याने साठ खोल्या मोजल्या आणि तिथून गुणाकार करत गेला.

काही शिक्षक वेगळ्या बाजूने विरोध करतात. पेशी म्हणजे शहर, पेशी म्हणजे कारखाना, तंतुकणिका म्हणजे वीजघर, अशा उपमांचे प्रकल्प मुलांच्या डोक्यात चुकीची चित्रं रुजवतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी मला पटते, त्यांचा उपाय पटत नाही. उपमा काढून घेतली तर मुलाच्या हातात नुसते संस्कृत शब्द उरतात. त्यापेक्षा उपमा जिथे फाटते तिथपर्यंत मुलाला न्या. "पेशी म्हणजे भिंतीतला दगड" असं आपण वर्षानुवर्षं सांगतो. मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा काळसर दगड घेऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहिली, १९१४ मध्ये ती बांधून झाली. ते दगड बसवले तिथेच आहेत. पेशी खाते, उरलेलं बाहेर टाकते, दुभंगून दोन होते, मरते. पेशीतूनच पेशी होते, हे फिर्खोने १८५५ मध्ये ठासून सांगितलं. दगडातून दगड होत नाही. एवढं मुलाने स्वतः मांडलं की उपमेने आपलं काम केलं. एका मुलीने तंतुकणिकेला डहाणूचं वीजकेंद्र म्हटलं, कारण उपनगरातली वीज तिथून येते असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. मग तिनेच पुढे लिहिलं: डहाणू एक आहे, तंतुकणिका यकृताच्या एका पेशीत हजाराच्या वर असतात. प्रत्येक इमारतीला स्वतःचा जनरेटर असतो तसं म्हणायला हवं. आधीचं तिने खोडलं नव्हतं. त्या न खोडलेल्या दोन ओळी मी जपून ठेवल्या आहेत.

"पण हे पुढे उपयोगी काय?" हा प्रश्न सभेत कुणी विचारला नाही, तरी टाळ्यांत तो होता. पावसाळ्यात कुरारला जा, आप्पापाड्याला जा, मालवणीत जा. घरोघर ताप, आणि प्रत्येक उशीखाली रक्ताचा रिपोर्ट. प्लेटलेट किती आल्या, पांढऱ्या पेशी किती, हे आकडे सगळं घर पाठ म्हणतं. प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे सुटलेले तुकडे, त्यांत केंद्रक नसतं. प्रौढ लाल पेशीतही नसतं, तरी ती १२० दिवसांच्या आसपास जगते. हिवतापाचा परजीवी याच लाल पेशीत शिरून वाढतो. ज्या मुलाने प्राणीपेशी म्हणून तांबड्या कापडाची, मध्ये दबलेली, केंद्रक नसलेली पेशी केली, त्याला रिपोर्ट वाचता येतो. औषध डॉक्टरच देतील, पण घरात काय चाललंय ते त्याला कळतं.

आणि परळ. मालाडच्या किती घरांनी टाटा रुग्णालयाच्या रांगा पाहिल्या आहेत ते मी सांगायला नको. आजीला काय झालंय असं मूल विचारतं तेव्हा आपण "गाठ" म्हणतो आणि विषय बदलतो. गाठ म्हणजे थांबायचं विसरलेल्या पेशी, हे सातवीच्या मुलाला नीट कळू शकतं, त्याने एकदा पेशी दुभंगताना मातीत करून पाहिली असेल तर. या मुंबईत कमल रणदिवे नावाची बाई होऊन गेली. १९१७ मध्ये पुण्यात जन्मली, डॉ. खानोलकरांच्या हाताखाली शिकली, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून परत आली आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी करून काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवू लागली. १९८२ मध्ये तिला पद्मभूषण मिळालं. तिचं नाव आमच्या मुलांना माहीत नसतं. पेशीच्या प्रकल्पात थर्माकोलला जागा आहे, तर या बाईच्या एका पानालाही जागा व्हायला हरकत नाही.

आता उरला वेळ आणि पैसा, आणि इथे मी त्या गृहस्थांच्या पूर्ण बाजूने आहे. मॉडेल घरी द्यायचंच नाही. शाळेत, वर्गात, दोन तासांत, बाईंच्या डोळ्यांसमोर. घरून आणायचं ते टाकाऊ: खोका, पिशवी, मातीचा गोळा, डाळीचे चार दाणे. गुण द्यायचे ते मुलाने तोंडी काय सांगितलं त्यावर, आणि आपल्या मॉडेलात काय खोटं आहे हे त्याने ओळखलं का त्यावर. खरेदी केलेल्या वस्तूला शून्य, आणि हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायचं. आईवडील त्या रात्री झोपू शकतील.

सूक्ष्मदर्शक नाही ही सबब मी ऐकून घेणार नाही. मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डला कागद घडी घालून केलेला फोल्डस्कोप २०१४ मध्ये जगापुढे मांडला, त्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरहून कमी. कांद्याची पेशी त्यात स्वच्छ दिसते. शिवाय अनेक शाळांत चांगला पितळी सूक्ष्मदर्शक आहेच, कुलूपबंद कपाटात, मुलं फोडतील या भीतीने. मीही एक तसा सहा वर्षं जपला होता. त्या सहा वर्षांतल्या मुलांनी पेशी पाहिली नाही.

सभा संपल्यावर जिन्यात मी हेच एका आईला सांगत होते. तिने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "कांदा मी देते बाई, पाहिजे तेवढा. पण ते यंत्र कपाटात आहे म्हणता, ते काढणार कोण?"

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना पत्र दिलं. सातवीच्या तीन तुकड्या, प्रत्येकीला दोन तास. काचपट्ट्या आणि आयोडीन मी आणीन, कांदे ती आई देणार आहे. शाळेने तेवढी कपाटाची किल्ली शोधून ठेवावी.